मोजणीच्या चाकराची आणि मुक्या सुराची बखर

वाग्देवतेस पहिले नमन, भात्यातील वाऱ्यास दुसरे, आणि जी तार डोळ्यांस न दिसता अक्षरे मुलुखोमुलुखी पोचविते तीस तिसरे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, श्रावण वद्य पंचमीपासोन विजयादशमीपर्यंत जे वर्तमान घडले, ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. कोठे फुगले असेल तर तो गुण भात्याचा, लिहिणाराचा नव्हे.

अमुक एक राज्य होते. त्यास ना कोट ना खंदक, ना नदी ना घाट. लोक त्यास ब्लॉग म्हणत. राज्याचे धनी श्रीमंत विश्रामजी मेस्त्री, यांनी पन्नास वर्षे पेट्या, म्हणजे हार्मोनियम, घडविल्या आणि दुरुस्त केल्या, आणि ख्याती ऐसी की रुसलेली पेटी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर नुसती ठेविली असता भिऊन आतल्या आत सुरात येई. मग वयोपरत्वे हात कापू लागले, दुकानास कुलूप जाहले, आणि श्रीमंत ओटीवर बसोन समोरील त्या कुलुपाकडे दिवसभर पाहत राहिले. हे खासे कबिल्यास, म्हणजे पत्नी कावेरीबाईसाहेबांस, पाहवेना. तेव्हा सूनबाई विशाखाबाई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, हात थरथरतात, डोकं तर नाही ना थरथरत? जे येतं ते लिहून ठेवा." ऐसे म्हणोन त्यांनी लॅपटॉपावर राज्य वसवून दिले, आणि श्रीमंतांनी एका बोटाने टंकण्याची विद्या साध्य करून छत्तीस लेख लिहिले, आणि त्या बोटाची धमक काय वर्णावी, एकेका अक्षरावर ऐसा घाव घालीत की शेजारी म्हणत, मेस्त्रींनी दुकान पुन्हा उघडले काय.

आता राज्य म्हटले की गर्व आलाच. लेखाच्या तळाशी एक जुना आकडा होता, तो रोज किती जण आले हे दाखवी, आणि रोज चव्वेचाळीस दाखवी. एके दिवशी श्रीमंत सखाराम न्हाव्याच्या खुर्चीत बसोन चारचौघांत बोलिले की चव्वेचाळीस माणसे नित्य वाचतात. सखाराम वस्तरा थांबवून म्हणाला, "मेस्त्री, चव्वेचाळीस? माझ्या दुकानात आठवड्याला तेवढी डोकी येत नाहीत." हे श्रीमंतांस झोंबले, आणि गालास साबण असता त्यांनी पण केला, "दसऱ्यापर्यंत रोजची शंभर झाली नाहीत तर ब्लॉग बुडवीन, आणि विद्या माझी मी घेऊन जाईन!" हे वर्तमान घरी पोचले तेव्हा बाईसाहेबांच्या हातची पळी तशीच राहिली, कारण ब्लॉग बुडाला म्हणजे पुन्हा ती ओटी आणि ते कुलूप, हे त्या जाणोन होत्या.

मग विशाखाबाईंनी कंबर बांधिली आणि म्हणाल्या, राज्य चालवावयाचे तर चाकर नीट निवडून ठेविले पाहिजेत. पहिला चाकर ठेविला तो नकलनवीस. त्याचे काम इतकेच की राज्यातील प्रत्येक अक्षराची रोज एक नक्कल करून दूर मुलुखी सुरक्षित ठेवणे. श्रीमंत हसले, परंतु चौथेच दिवशी एक स्वल्पविराम काढावयास गेले आणि भात्याचे अवघे प्रकरण पुसोन बसले, आणि "अगं, गेलं, सगळं गेलं!" ऐसा आक्रोश केला, तो या चाकराने निमिषात कालचे प्रकरण जैसेच्या तैसे आणोन हजर केले, आणि चकार शब्द बोलिला नाही. ऐसा इमानी चाकर प्रत्यक्ष राजवाड्यांतही विरळा. दुसरा ठेविला तो वेळेचा दवंडीवाला. कारण श्रीमंत अर्धा लेख लिहून भलतीच कळ दाबीत आणि अर्धाच लेख जगात फिरू लागे. आता लेख त्याचे स्वाधीन करावा, आणि त्याने मंगळवारी सकाळी सातच्या ठोक्यास दवंडी पिटावी. श्रीमंत अंघोळीस असोत की निद्रिस्त, त्याची चूक होत नसे.

राहिला मोजणीचा चाकर. त्या जागेस उमेदवार बहुत आले. एक आला तो बेचाळीस रंगीत तक्ते घेऊन, आणि श्रीमंतांस त्यातले अवाक्षर न कळता तेच अधिक आवडले. परंतु तो येणाऱ्या पाहुण्यास दारातच अडवून "अमुक मान्य आहे काय, तमुक मान्य आहे काय" ऐसे पुसे, आणि पाहुणा मान्य करीपर्यंत लेख उघडेना. बाईसाहेब म्हणाल्या, "पाणी विचारायच्या आधी चौकशा? असला माणूस मी दारात उभा करणार नाही." त्यास निरोप दिला. दुसरा दर घटकेस खलिता धाडी, "आज आपण कालच्याहून दोन पावले मागे आहात," आणि श्रीमंतांचा रक्तदाब वाढवी. त्यासही निरोप दिला. तिसरा आला तो साधा. कोण आले हे नावानिशी पुसत नसे, फक्त किती आले, कोणत्या प्रांतातून, आणि लेख कोठवर वाचिला, एवढेच सांगे, आणि घरच्या माणसांस मोजीत नसे. त्यास विडा दिला.

पहिल्याच दिवशी त्याने जबानी दिली, ती विशाखाबाईंनी दोनदा वाचिली.

"काय गं? शंभर?"

"आप्पा, तुम्ही दिवसातून ब्लॉग किती वेळा उघडता?"

"मी कुठे उघडतो? मी आपला बघायला जातो, कोणी आलंय का ते."

"तेच. तो जुना आकडा तुम्हालाच मोजत होता. त्रेचाळीस वेळा तुम्ही, आणि एक दुसरं कोणीतरी."

श्रीमंतांचा चेहरा ऐसा उतरला की हवा गेलेला भाता. "म्हणजे एवढे दिवस मी मलाच वाचत होतो," इतके बोलिले, आणि उठोन ओटीवर गेले, आणि कुलुपाकडे पाहत बसले. पणाची मुदत दसऱ्याची, परंतु राज्य त्याच दिवशी बुडाले ऐसे सर्वांस वाटले.

तथापि विशाखाबाई चिवट. त्यांनी चाकरास त्या एका वाचकाच्या मागावर बारा दिवस ठेविले. तो वर्तमान आले की, दूर पूर्वेकडील वनप्रांतातून कोणी एक जण नित्य सकाळी अकरा वाजता येतो, "मुका सूर बोलता करणे" हा एकच लेख उघडतो, पन्नास मिनिटे थांबतो, सहाव्या कृतीपाशी पोचतो, तेथोन परत पहिल्या कृतीस जातो, आणि निघोन जातो. ऐसे बारा दिवस चालिले आहे. त्यांनी लॅपटॉप उचलोन ओटीवर नेला.

"आप्पा, सहाव्या कृतीनंतर काय आहे?"

"काय असायचंय? संपला लेख."

"सूर संपत नाही ना तिथे. सहावीत म्हणता, पट्टी बसवा आणि भाता मारा. एवढ्यानं मुका सूर बोलतो?"

श्रीमंत डोके खाजवू लागले. येथे मर्म आहे ते ऐका. पेटीवाल्यांत जुनी चाल ऐसी की शिष्यास सर्व सांगावे, शेवटची एक कृती हातची राखावी. श्रीमंतांच्या उस्तादांनी तीच चाल पाळिली, ती कृती श्रीमंतांनी नऊ वर्षे चोरून पाहून मिळविली, आणि आता लिहिताना हात आपोआप सहावीपाशी थांबला.

"ती काय फुकट सांगायची गोष्ट आहे होय? नऊ वर्षं घातली मी!"

तेव्हा बाईसाहेब आतोन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आईंनी मला आमटीचा मसाला असाच सांगितला होता, एक जिन्नस गाळून. अठरा वर्षं या घराने बेचव आमटी खाल्ली. तुम्हीच नाकं मुरडत होता, आठवतं का? आणि तिकडे ते माणूस बारा दिवस पेटी फोडून बसलंय, तुमच्या भरवशावर."

"पेटी उघडी? बारा दिवस?" श्रीमंत ताडकन उठले. "झुरळं जातील आत! आण इकडे ते."

आणि त्यांनी एका बोटाने सातवी कृती लिहिली: पितळी पट्टीचे, म्हणजे वाऱ्याने थरथरोन सूर देणाऱ्या जिभेचे, मोकळे टोक नखाने किंचित वर उचलावे, इतकेच की खालोन जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा अडकता अडकता जावा, अडकला तर थोडे अजून, सैल गेला तर फार जाहले. लिहिताना बोट एकवार थांबले, तीन घटका थांबले ऐसेही सांगतात, मग उतरले. विशाखाबाई म्हणाल्या, दवंडीवाल्याकडे देऊ, मंगळवारी जाईल. श्रीमंत गर्जले, "मंगळवार गेला खड्ड्यात, आत्ता!" आणि आणिक एक केले. चरबी उतरविण्याच्या औषधांचे विक्रेते वाचकांच्या टिपणीत घुसत म्हणोन टिपणीचा दरवाजा मागेच बंद केला होता, तो उघडिला, आणि ऐशा विक्रेत्यांस ओळखून बाहेरच थोपविणारा चौकीदार तेथे बसविला.

दुसरे दिवशी चाकराने सांगितले, तो वाचक आला, एकवीस मिनिटे थांबला, शेवटच्या ओळीपर्यंत गेला. तिसरे दिवशी आला नाही. चौथे दिवशी नाही. खंडेनवमी आली, श्रीमंतांनी करवत, पटाशी, कानस मांडिली, आणि प्रथमच त्यांचे शेजारी लॅपटॉप ठेवोन त्यावर झेंडूचे फूल वाहिले, आणि भीत भीत पुसले, "आज किती?"

"शून्य, आप्पा. पण वाचायला नव्हे, नुसती टिपणी टाकायला कोणी येऊन गेलंय; चौकीदाराने ती आत सोडलीय." आणि वाचोन दाखविली: "मेस्त्रीकाका, सूर बोलला. जूनपासून आमच्या आश्रमशाळेत प्रार्थना पेटीशिवाय चालली होती, आज पेटीवर झाली. आता तुमच्याकडे रोज यायचं कारण उरलं नाही, राग मानू नका. लीला कुमरे, शिक्षिका." सोबत ध्वनीची फीत होती. ती लाविली तो शंभर पोरे बेसूर आणि एक पेटी सुरात. श्रीमंतांनी डोळे मिटले, बोट उचलोन म्हणाले, "हा, हाच. मध्यम," आणि फीत पुन्हा लावावयास सांगितली.

दसऱ्यास श्रीमंत सखारामाच्या दुकानी पेढे घेऊन गेले.

"काय मेस्त्री, झाले शंभर?"

"शून्य."

"मग पेढे कसले?"

"शून्याचेच. घे."

"म्हणजे ब्लॉग बुडवला?"

"बुडवतो कसा? अजून पस्तीस लेख आहेत, आणि पस्तीसांतही एकेक कृती गाळून ठेवलीय मी. सवड कुठाय?" ऐसे म्हणोन दाढी अर्धीच करवून घरी गेले.

तात्पर्य, त्या राज्यात चार चाकर आजही इमाने राबतात, ओटी रिकामी असते, आणि धनी दिवसातोन त्रेचाळीस वेळा आत जातात, परंतु आता लिहावयास. बखर समाप्त; यात हातचे काही राखिले नाही.