न बोलावलेलं फंक्शन

ताईंनी दारात चपला काढल्या आणि त्या तिथंच थबकल्या. धाकटी बहीण कॉम्प्युटरसमोर बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होती.

“फंक्शन अगदी झकास झालं हो! पण कॉल करायचंच राहिलं. मग घडणार काय, कपाळ! नावं? नावं आता देते. आणि अय्या, रिटर्नचं तर डोक्यातच आलं नाही माझ्या!”

ताईंनी काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या. सख्ख्या बहिणीनं फंक्शन केलं, तेही झकास, आणि थोरलीला साधा कॉल नाही! रस्ताभर त्या धुमसत होत्या. धाकटी वाचनालयात ग्रंथपाल होती आणि तीन आठवड्यांपासून कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. पण त्याचा या फंक्शनशी काही संबंध असेल, हे ताईंच्या गावीही नव्हतं.

घरी पोचताच त्यांनी आत्याबाईंना फोन लावला.

“कसलं फंक्शन?”

“मला काय ठाऊक? आपल्याला विचारतंय कोण! रिटर्न गिफ्ट द्यायचंसुद्धा ठरतंय म्हणे.”

आत्याबाईंनी ते मामींना सांगितलं, मामींनी वहिनींना. संध्याकाळपर्यंत धाकटीला बढती मिळाली होती आणि घरी शंभर माणसं जेवून गेली होती.

रविवारी सकाळी चौघी ठेवणीतले कपडे घालून धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात पुष्पगुच्छ, चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे.

“अभिनंदन,” ताई म्हणाल्या. “न बोलावताच आलोय. फंक्शन आटोपलं असेल तर निघतो.”

धाकटीनं एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि ती पोट धरून हसायला लागली. “अगं, ते कॉम्प्युटरचं फंक्शन! एखादं काम कसं करायचं ते एकदा लिहायचं आणि त्याला नाव द्यायचं. पण नुसतं लिहून ते ढिम्म हलत नाही. कॉल केला, तरच कामाला लागतं.”

“आणि रिटर्न?”

“काम झाल्यावर ते जे उत्तर देतं, ते.”

चौघी एकमेकींकडे बघू लागल्या. एवढं नटून आल्यावर तसंच परत जायचं?

“मग दाखव तरी आम्हाला,” आत्याबाई म्हणाल्या.

“बसा ना! यात वाचकाचं नाव द्यायचं. वाचनालयाची किती पुस्तकं त्याच्याकडे अडकलीत, ते हे सांगतं. कुणाचं देऊ?”

“माझं!” आत्याबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

पडद्यावर उमटलं: दोन पुस्तकं, तीन वर्षं. आत्याबाईंना एकाएकी घरचा गॅस चालू राहिल्याची शंका आली. मामींची चार निघाली, तेव्हा आत्याबाईंना एकटं कसं पाठवायचं म्हणून त्याही उठल्या. वहिनींनी तर आपला नंबर येण्याआधीच काढता पाय घेतला.

उरल्या ताई, मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन.

“ताई, तुझं नाव देऊ?”

ताईंच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या कपाटाचा खालचा खण आला. गच्च भरलेला.

“काय गं,” त्या हळूच म्हणाल्या, “या फंक्शनला मला नाही बोलावलंस, तर चालेल का? मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.”