शीलाला सांगून द्या

"मेधाताई, शीलाला विचारून घ्या न, चहा मांडू का म्हणून."

मनोहर रामटेके हे म्हणाले तेव्हा शीला, म्हणजे त्यांची सख्खी बायको, त्यांच्या समोरच बसली होती. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. मी दाराशी उभी राहून ओले बूट काढायच्या खटपटीत होते. कॅराव्हॅनची, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या त्या चाकांवरच्या घराची, रुंदी म्हणाल तर एका माणसाने दोन्ही हात पसरले की संपली. तरीही प्रश्न त्यांच्याकडून निघून माझ्याकडे आला आणि तो मी शीलाताईंना पोचवावा अशी अपेक्षा होती.

मी पोचवला. शीलाताई म्हणाल्या, "पल्लवीच्या बाबांना सांगा, आलं संपलं आहे. बिनआल्याचा चालत असेल तर मांडा म्हणावं."

मी तेही पोचवलं. पल्लवी ही त्यांची मुलगी. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की ही त्यांच्या नागपूरकडची रीत असेल. पूर्वी बायका सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याशी थेट बोलत नसत, पोरांच्या तोंडून निरोप धाडत. पण इथे वेल्सच्या किनाऱ्यावर सासू कुठली? जवळपासचं वडीलधारं माणूस म्हणजे शेजारच्या कॅराव्हॅनमधला कीथ, आणि त्याला मराठी येत नाही.

मनोहरभाऊ ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात इंजिनियर होते. आम्ही लंडनला, हॅरोला, यायच्या आधी ब्रिस्टलमध्येच राहायचो, त्यांच्यापासून दोन घरं सोडून. तेव्हापासूनची ही ओळख. रिटायर झाल्यावर लोक गुडघे बदलून घेतात, मनोहरभाऊंनी कॅराव्हॅन घेतली. तेव्हापासून दर जूनमध्ये मी आणि माझा नवरा सतीश त्यांच्याबरोबर आठवडाभर समुद्राकाठी जातो. जातो म्हणजे नेले जातो.

मनोहरभाऊंचा सगळा कारभार सिस्टिमवर चालतो. बूट काढून कुठे ठेवायचे याची सिस्टिम, कप कुणी धुवायचा आणि कुणी पुसायचा याची सिस्टिम. संध्याकाळी टेबल खाली घेऊन दोन सोफे जोडले की आमचा पलंग तयार होतो, पण तो तयार होत असताना बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं, मग पाऊस असो की वारा. लंडनच्या सिटीतल्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला माझा नवरा, एरवी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये शेअरबाजाराचा गुलाबी पेपर वाचत जाणारा, त्या आठवड्यात रोज सकाळी संडासाची पेटी चाकांवर ओढत ओढत रिकामी करायला जातो. ती त्याची ड्यूटी. तक्रार केली तर मनोहरभाऊ म्हणतात, "सतीशभाऊ, सिस्टिम तोडली तर मंग राहिलं काय?"

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे "टेन्शन नाही न". ते हे म्हणाले की समजायचं, काहीतरी बिघडलं आहे. एकदा कार्डिफ मागे पडल्यावर त्यांनी हे इतक्या प्रेमाने म्हटलं की मी घाबरलेच. कॅराव्हॅनच्या दाराला जोडायच्या तंबूचा एक खांब ब्रिस्टललाच राहिला होता. मग त्या तंबूचा एक कोपरा आठवडाभर झाडूच्या दांड्यावर उभा होता, आणि वारा सुटला की सतीशवर.

स्वयंपाक मात्र शीलाताईंचा. त्या सावजी चिकन करायला लागल्या की अर्ध्या कॅराव्हॅन साइटला ठसका लागतो आणि कीथ डबा घेऊन तंबूच्या तोंडाशी येऊन हवापाण्याच्या गप्पा सुरू करतो. जेवताना माझं खरं काम सुरू व्हायचं.

"शीलाला सांगून द्या, रस्सा एकदम इतवारीतल्यासारखा झाला."

"यांना सांगा, मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते."

"सांगून द्या, मागच्या वर्षीही तसाच झाला होता."

मी मान इकडून तिकडे वळवत बसायचे. सतीश मला खासगीत टेलिफोन ऑपरेटर म्हणायचा. त्यानंतर शीलाताईंच्या गोष्टी निघायच्या, आणि त्या सगळ्या मनोहरभाऊंच्या फजितीच्या. एकदा ते दोन पायांत दोन वेगळे बूट घालून कारखान्यात गेले होते. एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याचीच गाडी अर्धा तास उघडत बसले होते. शीलाताई हे माझ्याकडे बघून सांगायच्या आणि मनोहरभाऊ खाली बघून हाड चोखत ऐकायचे. मध्येच मला म्हणायचे, "रंग सारखाच होता न, तेवढं सांगून द्या."

खरं सांगायचं तर आम्ही कंटाळलो होतो. सतीशची पाठ त्या जोडलेल्या सोफ्यांवर दुखायची. हॅरोतले आमचे इतर मित्र टेनेरिफ बेटावरच्या हॉटेलात जातात, तिथे पलंग दुसरं कुणीतरी आवरतं आणि संडास ओढत न्यावा लागत नाही. या वर्षी येताना एम फोर हायवेवर आम्ही ठरवूनच टाकलं की हे शेवटचं, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगायचं. कुणी सांगायचं यावर रीडिंगपासून स्विंडनपर्यंत वाद झाला. शेवटी सतीश म्हणाला, "तूच सांग. निरोप पोचवायची तुला सवय आहे."

पोचलो त्या दिवशीच मनोहरभाऊंनी नकाशा उघडला. "पुढच्या वर्षी स्कॉटलंड करू न. मेधाताई, शीलाला विचारून ठेवा." मी विचारलं. शीलाताई म्हणाल्या, "मेधाताई येत असतील तर जाऊ म्हणावं." मी सतीशकडे पाहिलं, त्याने नकाशात डोकं घातलं.

बुधवारी जेवण झाल्यावर मी आणि सतीश कड्यावरच्या पायवाटेने फिरायला निघालो. त्यांना कसं सांगायचं, याची मला तालीम करायची होती. अर्ध्या वाटेत पाऊस सुरू झाला, तोही आडवा. आम्ही मागे वळलो. सतीश अंग शेकायला शॉवरकडे पळाला आणि मी एकटीच तंबूपाशी आले.

कॅराव्हॅनला समुद्राकडे तोंड करून एक मोठी खिडकी आहे. त्यातून दोघं दिसत होती. मध्ये दोन कप चहा. शीलाताई समुद्राकडे बघत होत्या, मनोहरभाऊ शीलाताईंकडे. त्यांनी बिस्किट मोडून अर्धं शीलाताईंच्या बशीत ठेवलं, शीलाताईंनी खाल्लं. मग मनोहरभाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सवयीने दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, आणि तोंड मिटलं. शीलाताईंच्या मांडीवरची शाल घसरली होती ती उठून नीट केली. शीलाताईंनी त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून पाय बाजूला घेतले. ना राग, ना रुसवा. बस थांब्यावर दोन अनोळखी माणसं सभ्यपणे बसतात तशी ती दोघं बसली होती. मी पावसात भिजत उभी राहिले आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटी माझा पाय बादलीला लागला. आतून एकदम दोन्ही आवाज आले, "आल्या वाटते मेधाताई."

मी आत गेले आणि घर भरल्यासारखं झालं. दिवा लागला, टॉवेल आला. शीलाला सांगून द्या कोरडे मोजे काढ म्हणून, यांना सांगा हीटर वाढवा म्हणून. माझं डोकं पुसता पुसता दोघं भरभरून बोलत होती, माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी मनोहरभाऊ पाण्याचं पिंप ढकलत नळाकडे निघाले तेव्हा मी बरोबर गेले. खिडकीतून जे पाहिलं त्यानंतर नकार द्यायची माझी हिंमत नव्हती. पण पिंप नळाखाली लावता लावता त्यांनीच विचारलं, "मग स्कॉटलंडचं बुक करून टाकू न?" आणि इतके दिवस घोकलेलं वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "भाऊ, पुढच्या वर्षी आमचं नाही जमणार. आणि नंतरचंही काही सांगता येत नाही."

"टेन्शन नाही न," ते म्हणाले.

पिंप भरून वाहायला लागलं तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मीच केला.

"तुम्ही कंटाळून राहिले ते समजते मला," ते पिंपाकडे बघत म्हणाले. "सतीशभाऊंची पाठ दिसते न. तरी बोलावतो. शीलाची हॉस्पिटलात नाइट ड्यूटी होती, वर्षानुवर्षं. ती घरी यायची तेव्हा मी निघायचो. मधात पल्लवी. बाबांना सांग डबा फ्रिजमध्ये आहे. आईला सांग आज उशीर होईल. पोरगी निरोप सांगता सांगता मोठी झाली. तिला मराठी धड येत नाही, पण निरोप एकही चुकला नाही. मग ती गेली मेलबर्नला. आम्ही दोघंही रिटायर झालो. वाटलं, आता निवांत बोलू. बसलो समोरासमोर, तर काय बोलायचं तेच सुचेना."

"भांडण झालंय का काही?"

"नाही हो. भांडणाला तरी विषय लागते. घर इतकं चूप असते ताई, की फ्रिजचा आवाज सुरू झाला की दोघंही तिकडे पाहतो." ते थोडं हसले. "तुम्ही आले की ती बोलते. तुमच्याशी बोलते, पण मी तिथंच असतो न. मला ऐकू येते. ते दोन बुटांचं सांगते तेव्हा वाटते, हिने पाहिलं होतं तर. माझ्याकडे लक्ष होतं हिचं."

मी म्हटलं, "तुम्ही स्वतःच विचारा ना एकदा शीलाताईंना काहीतरी."

"विचारून पाहिलं. बरी आहेस का, म्हटलं. तर म्हणाली, काहून, काय झालं? घाबरली बिचारी. मग मीही घाबरलो."

पिंप ढकलत आम्ही परत आलो. सतीशला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो पाठ चोळत बसला. मग म्हणाला, "येऊ या की मग पुढच्या वर्षी. पाठीचं काय, पट्टा लावीन." मी म्हटलं, "येऊ. पण आठवडा संपला की आपण हॅरोला जातो. ती दोघं ब्रिस्टलला जातात."

शनिवारी सकाळी निघायची आवराआवर झाली. तंबू उतरवला, गॅस बंद केला, कॅराव्हॅनचे पाय वर घेतले. राहिलं गाडी जोडण्याचं काम. गाडी मागे मागे आणून तिच्या मागचा जोडणीचा लोखंडी गोळा कॅराव्हॅनच्या नाकाखाली, म्हणजे पुढच्या दांडीखाली, बरोबर आणायचा असतो. चालवणाऱ्याला ते नाक दिसत नाही, तेव्हा कुणीतरी तिथे उभं राहून सांगावं लागतं. ते काम सतीशचं. तो निघालाच होता, मी त्याची बाही धरली.

"शॉवरची किल्ली साइटच्या ऑफिसात द्यायची आहे."

"मग देऊन ये."

"दोघं जाऊ."

"किल्ली एवढी जड आहे का?" तो म्हणाला, पण आला. ऑफिस चढावर आहे, तिथून खालची सगळी साइट दिसते.

मनोहरभाऊ गाडी सुरू करून बसले होते. शीलाताई हातातलं फडकं झटकत बाहेर आल्या. त्यांनी सतीशला शोधलं, मग मला. मनोहरभाऊंनीही खिडकीतून मान बाहेर काढून सगळीकडे पाहिलं. कीथ आदल्या दिवशीच गेला होता. दोघं तशीच थांबली, एक गाडीत, एक बाहेर. मला वाटलं, आता मनोहरभाऊ इंजिन बंद करतील आणि आमची वाट बघत बसतील. चूक झाली आपली, असंच माझ्या मनात आलं.

मग शीलाताईंनी हात हलवला. काही म्हणाल्या असाव्यात, पण ऐकू आलं नाही. गाडी थोडी मागे आली. त्यांनी आवाज चढवला.

"या. या मागे. डावीकडे घ्या. अहो, डावीकडे. बस, बस."

गाडी थांबली. मनोहरभाऊ उतरले, वाकून बघितलं. आमच्या उंचीवरूनही दिसत होतं की गोळा अगदी बरोबर जागी आला होता. त्यांनी नकारार्थी मान हलवली, पुन्हा गाडीत बसले, आणि गाडी चांगली लांब पुढे नेली.

"अरे, बसलं होतं की," सतीश म्हणाला. "काय करतायत हे?"

दुसऱ्यांदा ते उजवीकडे गेले. पुढच्या खेपेला इतके भरकटले की मागचं चाक कुंपणाच्या झुडपात शिरलं. आयुष्यभर विमानाचे पंख केसाच्या अंतरावर जोडलेला हा माणूस. शीलाताईंचा आवाज आता ऑफिसातल्या वॉर्डनलाही ऐकू येत होता.

"अहो, कुठं चालले? तिकडं काय पाहून राहिले? इकडं पाहा. माझ्याकडं पाहा न."

सतीश मदतीला निघाला. मी त्याची बाही सोडली नाही. खाली मनोहरभाऊंनी गाडी झुडपातून बाहेर काढली, पुन्हा पहिल्या जागी नेऊन उभी केली, आणि खिडकीतून मान बाहेर काढून ते शीलाताईंकडे बघत राहिले. गाडी मागे घ्यायची त्यांना काहीच घाई दिसत नव्हती.