चमचेकाकांचा भोंगा

भोंऽऽऽ! हा आवाज काकांनी उभ्या नोकरीत दोनदाच ऐकला होता. पाळी सुटल्याचा भोंगा वेगळा. तो रोज व्हायचा. हा भोंगा सरबताच्या कारखान्यात एखाद्या हौदातला माल अगदी निर्दोष उतरला तरच वाजायचा, आणि तसा तो उतरला की नाही हे ठरवायचं काम काकांचं होतं. चौतीस वर्षं शर्टाच्या खिशात चमचा घालून ते या हौदापासून त्या हौदापर्यंत हिंडले, म्हणून सगळे त्यांना चमचेकाका म्हणत. (साहेबाच्या मागेपुढे करण्याशी या नावाचा काही संबंध नव्हता. ते जमलं असतं तर काका स्वतःच साहेब होऊन निवृत्त झाले असते.)

आता नोकरी सुटली होती, पण चमचा खिशात होताच. बोलणं मुळातच कमी. त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत समोरच्याचा चहा निवायचा. त्यामुळे जावयाने जेव्हा विचारलं, "बाबा, रविवारी माझ्या बिअरला दहापैकी गुण द्याल का?" तेव्हा काका "बघू" म्हणायला तोंड उघडत होते, तोवर काकूंनी होकार देऊनही टाकला.

"देतील की! त्यांच्यासारखी जीभ नाही कुणाची. लग्नानंतर माझं पहिलं सूप प्यायले आणि नऊ म्हणाले. एक्केचाळीस वर्षं झाली, नऊच्या खाली कधी उतरले नाहीत!"

काका आपल्या नखांकडे बघत राहिले.

जावई विमा कचेरीत कारकून होता आणि घरच्या न्हाणीघरात बिअर बनवायचा. पहिल्या खेपेच्या बाटल्या कपाटातच फुटल्या, आणि लेक पंधरा दिवस असल्या वासाचे कपडे घालून कामाला गेली की तिच्या शेजारची खुर्ची आपोआप दूर सरकली. दुसऱ्या खेपेला बिअरला साबणाची चव आली. तिसरी ही. डबल इंडिया पेल एल! हॉप्स नावाची कडू फुलं दुप्पट, नशाही जवळजवळ दुप्पट. सोमवारी घरगुती बिअरच्या स्पर्धेला सहा बाटल्या पाठवायच्या होत्या. लेकीने बजावलं होतं की ही शेवटची खेप. जावयानेही ईर्ष्येने सांगून टाकलं, "बाबांनी सहाच्या खाली गुण दिले तर सगळ्या बाटल्या मोरीत ओततो आणि पिंप भंगारात देतो. पुन्हा नाव काढणार नाही."

रविवारी दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालून लेकीकडे पोचले. काकूंनी सूपचं भांडं आणलं होतं. टेबलावर एक बाटली, एक उंच ग्लास आणि छापलेला कागद: रंग, फेस, वास, कडूपणा, शेवटची चव.

जावयाने झाकण काढलं. फस्स!

काका ताठ बसले. ग्लास उजेडात धरला. जुन्या तांब्यासारखा रंग, वर बोटभर फेस, आणि तो फेस मुळी हलायलाच तयार नाही. नाक जवळ नेलं तर संत्र्याची साल, ओलं लाकूड, आत्ताच कापलेलं गवत. त्यांनी खिशातला चमचा काढला, भरला, जिभेवर ठेवला.

आधी गोडसर. मग मागून कडूपणा आला आणि घरच्या माणसासारखा बसला. काकांनी चौतीस वर्षांत एकही घोट गिळला नव्हता (चव बघणारा गिळत नाही, थुंकतो), ते हा घोट गिळून बसले. मग ग्लासच तोंडाला लावला.

"अहो, हळू!" काकू म्हणाल्या.

काकांनी पेन उचललं आणि कागदावर शून्य काढलं. त्याखाली दुसरं. पाचही रकान्यांत पाच शून्यं, एकाहून एक गोल. खाली बेरीज केली (तिला फार वेळ लागला नाही) आणि उठून उभे राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "शून्य!"

आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी घर दणाणून सोडलं, "भोंऽऽऽ!"

जावई पांढराफटक पडला. कागदाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, बाटल्यांचा क्रेट उचलला आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली.

"आनंद झालाय त्याला," काका डोळे पुसत म्हणाले. "तोंड धुवायला गेला असेल."

"बाबा!" लेक कडाडली. "नाही आवडली तर नाही म्हणायचं. वर भोंगा कशाला?"

"अगं, याच्या पुढे काही नसतंच!"

"याच्या खाली काही नसतं म्हणा!"

"तेच तर म्हणतोय मी!"

आतून आवाज येऊ लागला. घळघळ, घळघळ. मग दाराखालून संत्र्याच्या सालीचा वास आला. काकांनी तो ओळखला आणि सत्तराव्या वर्षी धावले. एक चप्पल टेबलाखालीच राहिली.

"जावईबापू, थांबा! शून्य आहे हो, शून्य!"

"कळलं, बाबा!" आतून रडवेला आवाज. "किती वेळा सांगाल?"

"अहो, भोंगा वाजलाय तुमचा!" आणि पटावं म्हणून काकांनी दाराला तोंड लावून आणखी एकदा वाजवला. आतली घळघळ दुप्पट वेगाने सुरू झाली.

शेवटी त्यांनी खिशातला चमचा काढला, दाराच्या फटीत घातला आणि कडी वर उचलली. जावई पालथ्या बादलीवर बसला होता, पायाशी सतरा रिकाम्या बाटल्या. अठरावी काकांनी झाकण निघायच्या आत हातातून हिसकावली.

"कारखान्यात," काका धापा टाकत म्हणाले, "आम्ही चुका मोजायचो. एक चूक, एक गुण. शून्य म्हणजे चूकच नाही. चौतीस वर्षांत दोनदाच दिलं मी. हे तिसरं."

मग जावयाने क्रेटमध्ये बघितलं. पाच उरल्या होत्या, आणि काकांच्या हातात सहावी. स्पर्धेला सहाच लागत होत्या! त्याने ओल्या हातांनी सासऱ्यांना मिठी मारली, लेक हसता हसता रडली, आणि सगळी वरात टेबलापाशी परत आली. काकूंनी कौतुकाने काकांपुढे सूपची वाटी ठेवली.

"म्हणजे दहा मिळाले की माल ओतून द्यायचे?" जावई आता रंगात आला होता.

"लगेच!" काकाही रंगात होते. ग्लास रिकामा झाला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाक्यं भराभर येत होती.

"आणि नऊ मिळाले तर?"

"नऊचा माल होय? तो फरशा धुवायला द्यायचो!"

लेकीचा हात तोंडावर गेला. जावई छताकडे बघू लागला. काकांचा चमचा सूपमध्ये बुडाला होता, तिथेच राहिला.

काकूंनी त्यांच्या हातून चमचा काढून घेतला. वाटी उचलली, भांडं उचललं. टेबलाखालची चप्पल पायाने काकांकडे सरकवली, आणि त्या दाराबाहेर पडल्या.