वाया हैदराबाद

मेश्रामभाऊंना सरळ जाणारं विमान चालत नाही. दिल्लीला भाच्याकडे गेले, तेही हैदराबादवरून. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नागपूरहून दिल्ली वर आणि हैदराबाद खाली, हे मी सातवीच्या पोरांनाही चुकू दिलं नाही. मेश्रामभाऊंपुढे मात्र माझा नकाशा चालेना.

"मास्तर, रस्त्याले फाटा असते. हवेत कायचा फाटा गा?"

"अहो, पण दोन तासांचा प्रवास दहा तासांचा होतो."

"होऊ द्या ना. हॉल्ट भेटते."

मेश्रामभाऊ आमचे नागपूरच्या मानकापुरातले शेजारी. खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ड्युटी काही उतरलेली नाही. वहिनी रागावल्या की "ट्रिप झाली", जावई आले की "लोड वाढला", सकाळी पोट साफ झालं की "युनिट लाइनवर आलं". आमच्याकडे चहा पिऊन उठताना, शिफ्ट संपल्यासारखा, रिकामा कप माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "घ्या, चार्ज देला." माझी बायको याला अजून हसते. मी थांबलोय.

तर कॉलनीतल्या एका मुलाचं लग्न पुण्याला निघालं. "तिकिटं मी काढतो" असं मेश्रामभाऊ म्हणाले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तिकीट आलं: नागपूर, हैदराबाद, सहा तास थांबा, मग पुणे. मी आधी चिडलो. मग म्हटलं, एवढं मोठं शहर आयतं पदरात पडतंय तर सोडा कशाला? कागद घेऊन बसलो. चारमिनार, बिर्याणी, बायकोसाठी बांगड्या, जाण्यायेण्याचा वेळ धरून सगळं बसवलं. मेश्रामभाऊंनी तो कागद वाचला, "मस्त हाय" म्हणाले, आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. तो मला पुन्हा दिसला नाही.

विमानात त्यांच्या मांडीवर स्टीलचा भलामोठा डबा होता. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. डब्यात सांबारवड्या होत्या, दहा माणसांना पुरतील एवढ्या.

"एवढ्या कोणासाठी?"

"हॉल्टमंदी भूक लागते."

हैदराबादला बाहेर आल्यावर मी टॅक्सीकडे वळलो. मेश्रामभाऊ उलट दिशेला गेले आणि खुर्च्या बघत फिरू लागले. "पाठीले पाठ लागलेल्या पाहिजे," म्हणाले. मला वाटलं, कंबर धरली असेल. शेवटी एका भिंतीकडे तोंड करून ते बसले. मी घड्याळ दाखवलं, चारमिनारची आठवण केली. "बसा ना गा, मास्तर," एवढंच उत्तर मिळालं.

वीसेक मिनिटांनी एक तरुण बाई एका म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आली. तिने त्यांना आमच्या मागच्या खुर्चीत, मेश्रामभाऊंच्या पाठीला पाठ लावून बसवलं, माझ्याकडे बघून हसली आणि चहा आणायला गेली. मेश्रामभाऊ वळले नाहीत. म्हाताराही वळला नाही. मेश्रामभाऊंनी डबा उघडून खांद्यावरून मागे धरला. मागून एक हात आला आणि वडी घेऊन गेला.

"सांबार कमी पडला," मागचा आवाज म्हणाला.

"महाग हाय," मेश्रामभाऊंनी भिंतीला सांगितलं.

"हे कोण?" मी कुजबुजलो.

"डोंगरे. वीस वर्षं एकमेकांले चार्ज देला आम्ही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लेकीच्या लग्नाची पत्रिका मेश्रामभाऊंनी डोंगऱ्यांच्या घरी जाऊन दिली नव्हती. शिफ्टचा चार्ज देताना कंट्रोल रूमच्या लॉगबुकात ठेवून दिली होती. डोंगरे लग्नाला आले नाहीत. "तुझी पायरी चढणार नाही," मेश्रामभाऊ म्हणाले. "तुझं तोंड पाहणार नाही," डोंगरे म्हणाले. त्याला अकरा वर्षं झाली. मधल्या काळात डोंगऱ्यांना मुलाने हैदराबादला आणलं. यंदा सुनेचा, म्हणजे मघाच्या त्या बाईचा, फोन आला की बाबांना काचबिंदू झालाय, एक डोळा गेला, दुसराही जाणार.

"मग सरळ त्यांच्या घरी जायचं ना."

"पायरी नाही चढणार म्हटलं ना म्या. इथली पायरी ना त्याची, ना माही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "चूक माहीच होती, मास्तर. पण डोळा हाय तवर त्यानं एक डाव पाहून घ्यावं. मागच्या डावी, दिल्लीले जाताना, पाहिलं नाही त्यानं."

मला फार वाईट वाटलं, आणि त्या दोघांना एकेक थप्पड मारावी असंही वाटलं.

पुढचे चार तास ते पाठीला पाठ लावून बोलत होते. कोण वारलं, कोणाची पोरगी कुठे दिली, कोणतं युनिट बंद पडलं. मध्येच डोंगऱ्यांनी मला विचारलं, "मास्तर, हा वाळला का गा?" मी म्हटलं, थोडे. "जेवत नसन बरोबर," ते म्हणाले.

वेळ झाली. मेश्रामभाऊ उठले, वळसा घालून गेले आणि डोंगऱ्यांच्या समोर उभे राहिले. डोंगऱ्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मेश्रामभाऊ हलले नाहीत. मग डोंगऱ्यांनी हात वर केला. कान सापडला, गाल सापडला, ओठावर येऊन हात थांबला.

"मिशी काहून काढली?"

"पांढरी झाल्ती."

"मले तर काळीच दिसून राहिली," डोळे मिटूनच डोंगरे म्हणाले.

आत तपासणीच्या रांगेत मेश्रामभाऊ बराच वेळ रुमालाने नाक पुसत होते. मग म्हणाले, "निघता निघता कानात चुकलो म्हटलं म्या त्याले. तो म्हणला, परतीच्या वेळी डोळे उघडतो."

"परतीच्या?"

"रविवारी. सहा घंटे हॉल्ट हाय."

पुण्याहून मी एकटाच रेल्वेने परतणार, असं मी मेश्रामभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. "वड्या पुण्यात करून घ्याव्या लागतील," मी म्हणालो. "आणि या वेळी सांबार जास्त टाकायला सांगा."