एक दिवस 'बराबर हाय' शिवाय

"आज माह्या तोंडून तो शब्द निघाला तं नावाचा वासुदेव नाई," असं वासुदेवरावांनी सकाळी दाढी करतानाच जाहीर करून टाकलं.

तो शब्द म्हणजे 'बराबर हाय'. समोरचा काहीही बोलो, वासुदेवराव मान डोलावून हेच म्हणायचे. नालवाडीत कोणी म्हणालं की यंदा कापूस झकास आहे, तर बराबर हाय. पाठोपाठ दुसरा म्हणाला की यंदा कापसाचं काही खरं नाही, तरी बराबर हाय. त्यात विचार वगैरे काही नसायचा, ते आपलं श्वासासारखं चालायचं. घरच्यांनी तीस वर्षं चालवूनही घेतलं. पण मागच्या महिन्यात मोहिनीला बघायला आलेल्या बाई म्हणाल्या, पोरगी रंगानं जराशी दबलेली हाय, आणि सख्ख्या बापानं भर बैठकीत मान डोलावली! मोहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

आजचं स्थळ सिंदी रेल्वे या गावचं. मुलगा अंकुश वडिलांसोबत आधी येऊन बघून गेला होता, आणि नऊ स्थळांत पहिल्यांदाच मोहिनी आपण होऊन आईला म्हणाली होती की हे जमलं तर बरं होईल. आता फक्त बोलणी उरली होती. कोकिळाबाईंनी नवऱ्याला शपथ घातली, आणि नुसत्या शपथेचा काय भरवसा, म्हणून त्यांच्या गालात सुपारीचं भलंमोठं खांड दिलं. शब्द घशाशी आला की सुपारी चावायची. मान हलली की शब्द आपोआप बाहेर पडतो, म्हणून मानही ताठ ठेवायची.

मुलाचे वडील सदाशिवराव आणि मध्यस्थ ताराचंद आले. चहा झाला.

"हुंडाबिंडा आमाले काई नको, भाऊ," सदाशिवराव म्हणाले.

वासुदेवरावांनी कडकन सुपारी चावली.

सदाशिवराव म्हणाले, लग्न साधंच करू. पुन्हा कडकन! मग ते म्हणाले, पोरीनं नोकरी सोडायची नाही. हे ऐकून तर वासुदेवरावांना भरूनच आलं. शब्द इतक्या जोरात वर आला की त्यांना दोन्हीकडच्या दाढा आवळाव्या लागल्या आणि कपाळावर शीर उभी राहिली. सदाशिवरावांनी ताराचंदकडे बघितलं. बैठकीत मुलीच्या बापानं प्रत्येक गोष्टीला तोंडानं रुकार द्यायचा असतो. तो गप्प बसला, की पाहुण्यांनी काय ते समजायचं. हा तर गप्प बसून वर दात खात होता.

आत कोकिळाबाई दाराला कान लावून खूश होत्या. एकदाही नाही म्हणजे एकदाही नाही! तोंड गोड करायला साखरेची वाटी घेऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा पाहुणे चपला घालत होते. सेलूलाही जायचं आहे, म्हणाले.

संध्याकाळी ताराचंदचा फोन आला.

"भाऊ, पसंत नव्हतं तं आधीच सांगाचं होतं. सेलूच्या पोरीसंग जमलं त्यायचं. खरं सांगू का, सदाशिवरावाले पोरीच्या आधी तुमीच आवडले होते. म्हणे, हा मानूस कशालेच नाई म्हणत नाई, व्याही असाच पायजे."

 सकाळची इस्त्री केलेली साडी मोहिनीनं घडी करून कपाटात ठेवली आणि शांतपणे स्वयंपाकाला लागली. त्यापेक्षा ती भांडली असती तर वासुदेवरावांना बरं वाटलं असतं.

कोकिळाबाई कितीतरी वेळ साखरेची वाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी आपली चूक कबूल केली नव्हती. आज डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "चूक माहीच झाली. तुमचं तोंड मीच बंद केलं."

वासुदेवरावांना फार वाईट वाटलं. तुझी नाही गं, माझीच चूक, सुपारी थुंकायला मला कोणी अडवलं होतं, असं म्हणावं, तिच्या पाठीवरून हात फिरवावा, असं त्यांच्या अगदी मनात आलं. ते तिच्याजवळ जाऊन बसले, त्यांनी हातही उचलला. सुपारी तर तोंडात आता नव्हतीच.

"बराबर हाय," ते म्हणाले.