युरोपीय कायद्याला हुरड्याचा आधार

युरोपचा कायदा कलमांतून नव्हे, इतिहासातून वाचावा, हे आज आपण साक्षात युरोपलाच शिकवणार, याविषयी नालवाडीचे निवृत्त कायद्याचे प्राध्यापक मधुकरराव यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. युरोपातल्या परिषदेपुढे पंधरा मिनिटांचे ऑनलाइन व्याख्यान, एकसष्ट तळटीपा, इस्त्रीचा कोट आणि कोटाखाली लुंगी, अशी जय्यत तयारी होती. व्याख्यान रंगले, तर पुढच्या परिषदेला प्रत्यक्ष निमंत्रण! तीस वर्षे ते त्याचीच वाट पाहत होते.

"कोळसा आणि पोलाद यांच्या करारातून हा कायदा रुजला," पडद्यावरच्या चाळीस चेहऱ्यांना ते इंग्रजीत सांगू लागले. "म्हणून नियम दिसला, की आधी त्याची जन्मकथा विचारा."

तोच त्यांच्या पाठीमागच्या दिवाणावर शेतशेजारी रूपराव आणि बबनराव येऊन बसले.

"अहो, युरोप सुरू आहे," मधुकरराव पत्नीवर कुजबुजत खेकसले.

"राहू द्या सुरू," आनंदाबाई म्हणाल्या. "भांडण घेऊन आलेल्याले बिनचहाचं वापस लावत नाई आपण."

"सर, यानं पांदणीत काटे टाकले," रूपराव गरजले. "बापजाद्याची वाट. माही बैलबंडी शेतात जाईन कुठून?"

हे गृहस्थ कोण, असे पडद्यावरून परिषदेच्या अध्यक्षबाईंनी विचारले. वाटेचा तंटा आहे, हे कळताच त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "मग आपली पद्धत यावरच दाखवा ना."

मधुकररावांची छाती फुगली. "बबनराव, या वाटेचा जन्म सांगा."

"याच्या आज्यानं माह्या आज्याले दरसाल हुरडा कबूल केलता, म्हणून वाट भेटली. आता हा सोयाबीन पेरून राह्यला. सोयाबीनचा का हुरडा होते?"

"हे मले कोणी सांगतलंच नाई," रूपराव नरमले. "औंदा दोन ओळी ज्वारी पेरतो."

"मंग काटे आजच काढतो."

मधुकररावांनी वाक्य न् वाक्य भाषांतरित केले. चाळीस चेहऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हर्षभराने मधुकरराव उठून वाकले, आणि युरोपला लुंगी दिसली. पंधरा मिनिटे संपली. तळटीपा तशाच राहिल्या.

आठव्या दिवशी पत्र आले. मधुकररावांनी ते उभ्याउभ्याच मोठ्याने वाचले: 'असे प्रात्यक्षिक आम्ही पाहिले नव्हते. पुढील परिषदेस श्री. रूपराव व श्री. बबनराव यांनी अवश्य यावे. सोबत दुभाषी लागेल. आपल्या ओळखीत कोणी आहे काय?'

"आहे म्हणून कळवा," आनंदाबाई म्हणाल्या. "अन् या खेपेले कोटाखाली पँट घालजा."