अप्पा खांबेटे, सकुटुंब

आमच्या क्लबच्या फाटकाशी एखादा एकटा पुरुष दिसला, की अप्पा खांबेटे नमस्कार न करता, नाव न विचारता एकच प्रश्न टाकत, "कुटुंब कुठंय?"

नवखा माणूस गडबडायचा. आईवडील गावी असतात, भाऊ नाशिकला, असं काहीतरी सांगायला लागायचा. अप्पा हात वर करून त्याला अडवायचे. "वंशावळ नको. कुटुंब विचारलं मी. बायको!"

अप्पांच्या भाषेत कुटुंब म्हणजे बायको, आणि क्लबची घटना लिहिली होती अप्पांनीच. त्यातला पहिला नियम असा, की सभासदाने कुटुंबासहच यावे. फाटकावर पाटीही त्यांचीच होती : 'एकट्याने आत येऊ नये.' मागे एवढं मोठं तळं. त्यामुळे पाटी वाचणाऱ्याला वाटायचं, आत नुकतंच कुणीतरी बुडालंय. आम्ही विश्रांतवाडीहून स्कूटरवर पहिल्यांदा गेलो, तेव्हा नीलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझा शर्टच धरून ठेवला होता.

बायका एकट्या आल्या तर मात्र अप्पा स्वतः उठून फाटक उघडत. कुणी हरकत घेतलीच तर म्हणत, "पाटीवर एकट्याने लिहिलंय, एकटीने नाही. शाळेत व्याकरण होतं ना?"

अप्पांचं बुधवार पेठेत रेडिओचं दुकान होतं. पुढे टीव्ही आले, मग मोबाइल आले, आणि दुकान मुलाकडे जायचं तर मुलगाच सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला. अप्पांनी दुकान बंद केलं आणि सगळा जोर क्लबवर लावला. "इतिहास ठाऊक आहे का?" असं त्यांनी विचारलं, की जाणते सभासद बॅडमिंटनची रॅकेट घेऊन सटकत. नवे सापडत. मग त्यांना ऐकावं लागे, की इथं पूर्वी नुसती घाणेरीची झुडपं आणि विंचू होते, पेठेतल्या चार दुकानदारांनी दुपारची झोप मोडून ती जागा साफ केली, आणि तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांचा दगड अप्पांनी स्वतः निवडला. "शेवाळ धरत नाही. घसरून दाखवा!" असं ते आव्हान देत. एका प्राध्यापकांनी ते स्वीकारलं आणि खरोखर घसरले. अप्पा शांतपणे म्हणाले, "चप्पल हलकी आहे."

चेष्टा करतो खरी, पण त्या क्लबचा अभिमान मलाही आहे. शहरात मोठमोठे क्लब आहेत. तिथं गाडी कुठली ते बघतात. आमच्याकडे दोन होड्या होत्या, त्यातली एक बुडत नव्हती. वाचनालय होतं, टेबल टेनिस होतं, चिंचेखाली बाकं होती, आणि रविवारचे बटाटेवडे असे, की ते संपल्याची बातमी पोहणाऱ्यांना पाण्यात कळायची. बँकेतला माझ्यासारखा कारकून आणि कारखान्याचा मालक एकाच पायरीवर ओल्या अंगानं बसत.

मग नवे दिवस आले. आयटीतली तरुण जोडपी सभासद झाली. कमिटीनं व्यायामशाळा सुरू करून तिथं ट्रेडमिल आणलं. अप्पांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "एवढं तळं बाहेर पसरलंय, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पळणार? पोहोचलात की कळवा." अविवाहित मुलं सभासदत्व मागायला येत. "अंकल, आय ॲम सिंगल," एकजण म्हणाला. अप्पा म्हणाले, "मग आधी लग्न करा, नंतर पोहा."

या सगळ्यात कमलकाकू, अप्पांच्या पत्नी, शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलेल्या असत. बोलत थोडं, हसत पुष्कळ.

त्या पावसाळ्यात काकू गेल्या.

पुढच्या काही रविवारांनंतर अप्पा नेहमीच्या बसनं आले. फाटकापर्यंत आले, आणि बाहेर रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले. वॉचमननं फाटक उघडलं. अप्पांनी त्याला ते लावायला सांगितलं. "नियम आहे." मग ते दर रविवारी तिथंच बसू लागले. तिथून होडीवाल्याला ओरडून सूचना देत. वडा बाहेर नेऊन दिला, तर तिखट कमी असल्याचा निरोप आत पाठवत. आम्हाला आत घास उतरेना.

शेवटी कमिटीनं ठराव आणला : विधुर सभासदास एकट्याने येण्याची मुभा असावी. ठराव सर्वांसाठी होता, विधुर एकच होता. अप्पांना त्यावर बोलायचं होतं, पण सभा आत आणि ते तर आत येईनात. मग सर्वसाधारण सभाच फाटकाशी भरली. आम्ही खुर्च्या घेऊन आतल्या बाजूला, अप्पा बाहेर कठड्यावर.

"माझा विरोध आहे," अप्पा म्हणाले. "आज विधुराला सोडाल. उद्या जिची कंबर दुखतेय तिचा नवरा एकटा येईल. परवा जिच्याकडे पाहुणे आहेत तिचा. महिन्याभरात सगळ्या बायका घरी बसतील."

अप्पा पुढे बोलू लागले, पण आवाज इतिहास सांगतानाचा नव्हता.

"सुरुवातीला आम्ही पुरुषच यायचो. पत्ते, भजी, पोहणं. घरी गेलं की कमल विचारायची, तळ्याला पाणी किती आहे? मी सांगायचो, भरपूर आहे. दर रविवारी तिचं विचारणं, माझं सांगणं. कितीतरी दिवस चाललं होतं. एकदा म्हणाली, मला दाखवाल का? अहो, दगड आम्ही उचलले, तळं आम्ही भोगतोय, आणि ही पेठेतल्या दोन खोल्यांत बसून पाण्याची चौकशी करतेय! लाज वाटली मला. नियम केला तो तेव्हा. तो मोडू नका."

इतकी वर्षं आम्ही ज्याला अप्पांचं खूळ म्हणून हसलो, ते हे होतं. माझ्या शेजारी बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. सभेत कधीही न बोलणारी नीला उठली आणि फाटकाशी गेली.

"अप्पा, बायकोला घरी ठेवून येऊ नये, एवढाच ना तुमचा नियम?"

"एवढाच."

"मग तुम्ही घरी कुणाला ठेवून आलात?"

अप्पांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असे. या वेळी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावलाच नाही.

"कुणालाच नाही हो," ते म्हणाले. "घरी कुणीच नाही."

नीलानं फाटक उघडलं. अप्पा कठड्याला धरून उठले, आणि आम्ही खुर्च्या बाजूला ओढून त्यांना वाट करून दिली.